दौलतबुवांचा लॅपटॉप आणि समोरचे बुवा

लालबागच्या आनंदीबाई चाळीत दौलतबुवा घाडींना नमस्कार करणारी माणसं पुष्कळ आहेत. नमस्कार झाल्यावर पाठ वळवून तोंड वाकडं न करणारं मात्र एकही नाही. यात चाळीचा दोष नाही. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरेला हात घालून पोट भरलं की म्हातारपणी त्याच दुसऱ्यांनी येऊन गळ्यात हार घालावेत, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

बुवा गिरणीच्या गेटवर वॉचमन होते. पाळी सुटली की कामगार रांगेने गेटवर यायचे, हात वर करायचे आणि बुवा झडती घ्यायचे. बगल, कंबर, टोपी, डबा. कुणी सदऱ्याखाली कापडाचा तुकडा गुंडाळून नेतोय का, कुणी डब्यात सुताची बॉबिन लपवतोय का, ते बघायचं. बुवांचा हात असा फिरायचा म्हणतात, की समोरच्याने दुपारी पोळी खाल्ली की भाकरी तेही त्यांना कळावं. ब्याऐंशीच्या संपात सगळी गिरणी गेटबाहेर होती आणि बुवा आत. भाऊबंदांच्या घरी चूल पेटायची पंचाईत, आणि बुवा बंद साच्यांची, म्हणजे मागांची, राखण करत खुर्चीवर! पुढे ती गिरणीही गेली, साचे भंगारात गेले, जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला. बुवांचा हात तेवढा शाबूत राहिला. आजही त्यांच्याकडे पाहुणा आला तर निघताना बुवांचे डोळे आधी त्याच्या पिशवीकडे जातात, मग तोंडाकडे.

अशा माणसाला देवाने गळा कशाला दिला, हे देवालाच ठाऊक. पण दिला. बुवा डबलबारीचे भजनी. ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, एका रंगमंचावर दोन बुवा, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज, दोघांच्या पाठीमागे झांजा घेऊन बसलेले कोरसवाले. आधी एक बुवा अभंग-गजर गाणार, मग दुसरा. नाव देवाचं असतं, पण लोक येतात ते एकमेकांची सालटी काढलेली ऐकायला. रीत अशी की शिव्या कितीही द्या, हाक ‘समोरचे बुवा’ अशीच मारायची आणि ‘अहो-जाहो’ सोडायचं नाही. ज्याचा टोमणा टाळ्या घेऊन गेला, त्याची बारी चढली. ज्याला उत्तर सुचलं नाही, त्याची पडली.

दौलतबुवांचे समोरचे बुवा म्हणजे कुशाबा पेडणेकर. हा त्याच गिरणीत साचेवाला होता. संपाच्या आधी एका संध्याकाळी दौलतबुवांनी त्याला रांगेतून बाजूला ओढलं आणि अख्ख्या पाळीसमोर लेंगा सोडायला लावला. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर कुशाबा एकदाचा चोर ठरून मोकळा झाला असता. सापडलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. पाळी हसली, दौलतबुवा “ड्यूटी आसा” एवढंच म्हणाले आणि पुढच्याच्या बगलेत हात घातला. मग संप झाला, कुशाबाची नोकरी गेली, त्याने परळला हॉस्पिटलच्या गेटाबाहेर भज्यांची गाडी टाकली आणि फावल्या वेळात पेटी शिकला. लोक म्हणतात, देवासाठी नाही शिकला. दौलत घाडीच्या समोर बसता यावं म्हणून शिकला.

आता या वर्षीची गोष्ट. परळच्या एका सभागृहात रविवारी दुपारी दोघांची बारी ठरली होती. दौलतबुवांच्या मागच्या दोन बाऱ्या पडल्या होत्या. तेच तेच गजर, तेच तेच टोमणे. पुढच्या रांगेतले म्हातारे त्यांच्याआधीच ओळ पूर्ण करायला लागले होते. त्यांचा पखवाजवाला शिवा मेस्त्री, तोंडाचा फटकळ, त्याने तालमीतच सांगून टाकलं, “बुवा, ह्या वेळेक नवीन काय असात तर बघा. ही बारी पडली तर माका मोकळो करा. कुशाबान कधीचा बोलावल्यान आसा.”

शिवा गेला की कोरस जाणार, कारण कोरसातले अर्धे त्याच्याच वाडीचे. पखवाज नाही, कोरस नाही, मग बुवा कसले? मग उरणार ती चाळीच्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या बघणारी एक खुर्ची. हे बुवांना पक्कं कळत होतं. म्हणून त्यांनी पहिल्यांदाच आयुष्यात मेहनत घेतली.

त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने घरी ठेवलेला लॅपटॉप सूनबाई सुनेत्रा वापरायची. ती नोकरी करते त्याच काचेच्या टॉवरमध्ये. सासऱ्याने जिथे माणसं तपासली तिथे आता तिचं कार्ड तपासतात. तिने बुवांना त्यात गाणं रेकॉर्ड करून कसं साठवायचं ते शिकवलं. बुवा रोज संध्याकाळी पेटी घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे, गजर बांधायचे, टोमणे घासायचे, गाऊन ठेवायचे. त्या सगळ्यासाठी त्यांनी आत एक फोल्डर केला आणि नाव दिलं: ‘कुशाबाला ठोकायचं’. त्यातला एक टोमणा तर त्यांना इतका आवडला होता की आंघोळ करतानाही तो पुटपुटत:

सूर हरवला, ताल हरवला, बुवा शोधती पेटीत,
देव बिचारा उभा राहिला, यांच्या भज्यांच्या रांगेत!

आणि एका संध्याकाळी, हाच टोमणा गाताना हात जोरात फिरला आणि चहाचा कप लॅपटॉपवर आडवा झाला. बटणं चिकटली. ‘क’ दाबला की काहीच नाही, ‘स’ दाबला की थांबायलाच तयार नाही.

सुनेत्राने लॅपटॉप उलटा धरून पुसला आणि म्हणाली, “शनिवारपर्यंत थांबा, बाबा. ऑफिसमधून दुसरा कीबोर्ड आणते, तो बाहेरून जोडला की चालेल. मग तुमची गाणी पेनड्राइव्हवर घेते, लॅपटॉपमधली पुसते, माझी बँक, मेल, सगळ्यातून बाहेर पडते. मग खुशाल द्या रिपेअरला.”

“पुसते? माझी गाणी पुसतलंस?”

“कॉपी करून पुसणार हो.”

“म्हणजे गाणं दोन ठिकाणी?”

“हो.”

“मग त्यातलं खरं खंयचा?”

“दोन्ही खरी!”

बुवांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती पदराखाली बॉबिन घेऊन निघाली होती. “मग नकोच. एक वस्तू एका जागी असली की लक्ष ठेवता येतं. दोन जागी ठेवली की दोन चोर.”

“बाबा, चोर वस्तू नेत नाही आता. वस्तू तिथेच राहते.”

“वस्तू तिथेच राहिली तर चोरी कसली? माका शिकवतंस? एवढी वर्षं गेटवर काय माशे मारी होतंय?”

 सुनेत्राने भरायला घेतलेला डबा जोरात आपटला. या घरात वाद असा संपतो.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्याबरोबर बुवांनी लॅपटॉप पिशवीत घातला. पण तसाच नाही न्यायचा! आधी गेले भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे. त्याने हातभर लांब वायरचं मशीन घरघरवत लॅपटॉपच्या झाकणावर, जशी पातेल्यावर घालतात तशी, टिंब-टिंब अक्षरं कोरली: ‘दौ. रा. घाडी, आनंदीबाई चाळ’. मग घरी येऊन सुनेत्राची नेलपॉलिशची बाटली शोधली आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका दिला. ठिपका तुटला तर स्क्रू फिरला, स्क्रू फिरला तर आतला माल बदलला. खुद्द गिरणीच्या मालकालाही अशी अक्कल सुचली नसती, असं बुवांना वाटलं आणि ते एकटेच हसले.

रिपेअरचं दुकान परळच्या एका गल्लीत, जिन्याखाली. चालवणारा हेरंब, तिशीचा, गोड बोलणारा. बुवांनी त्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. नजर वर, खिसे सपाट, हात स्वच्छ. पास.

“कीबोर्ड गेलाय, काका. बदलावा लागेल,” हेरंब म्हणाला. “आत काही महत्त्वाचं आहे का? बॅकअप घेतलाय?”

“तुका कित्याक व्हया ता? तू बटणा बघ.” बुवांनी लॅपटॉप उलटा केला आणि ठिपके दाखवले. “हे बघून ठेव. कीबोर्डासाठी जे काढशील ते माझ्यासमोर मोजून लाव. एकही पार्ट बदललास तर माझ्याशी गाठ आहे.”

“पार्ट कशाला बदलू, काका?” हेरंब हसला. “बरं, पासवर्ड काय? काम झाल्यावर तपासायला.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. बुवांनी भजनात आळवतात तशा आवाजात सांगितलं, “रवळनाथ! इंग्लिश अक्षरांत.” आणि निघता निघता, शहाणपणाचा कळस म्हणून, बोट रोखून बजावलं, “आणि आत एक फोल्डर आसा, कुशाबाला ठोकायचं म्हणून. त्याला हात लावायचा नाही!”

हेरंबचं हसू तसंच राहिलं. डोळे मात्र जरा मोठे झाले. बुवांच्या नजरेने एवढंच टिपलं नाही.

लॅपटॉप परत घ्यायला गेले तेव्हा बुवांनी दुकानातच झडती सुरू केली. हेरंबने त्यांच्यासमोर शेवटचे स्क्रू बसवले, बुवांनी त्यावर पुन्हा ठिपके दिले. बाटली खिशात होतीच. झाकणावरचं नाव वाचलं, चार्जर ओळखला, बॅटरी हातात घेऊन तिचं वजन केलं. घरी येऊन एकेक गाणं लावलं, पहिली ओळ ऐकली, बंद केलं. सगळी होती. एकही कमी नाही. बुवांनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, “माणूस इमानदार! त्या परळच्या जिन्याखालच्यासारखो माणूस गिरणीत एक असतो तर माका झडती घेवची लागली नसती.”

सुनेत्राने घरात पाऊल टाकलं आणि झाकणावरची टिंबं बघून तिथेच थांबली. “हे काय केलंत? लॅपटॉप आहे की पिंप?”

“नाव घातलं. आता कोण नेणार?”

“कीबोर्ड बदलायला दिलात तेव्हा पासवर्डही दिलात की काय?”

“तपासायला मागितला त्याने.”

“बटणं तपासायला कोरं खातं पुरतं, बाबा! लॅपटॉपवर पाहुण्यासाठी वेगळं खातं उघडून देता येतं, त्यात आपलं काही दिसत नाही.”

“चाळीत पाहुणा आला तर त्याला वेगळी खोली देतंस?”

“निदान पासवर्ड तरी बदला आता.”

“देवाचं नाव बदलतात?” बुवा म्हणाले. “तुझं काय आहे त्यात एवढं लपवायचं?”

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिरणीतल्या आवाजात म्हटलं. सुनेत्रा त्या दिवसापासून सासऱ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. आपल्या बँकेचे, मेलचे पासवर्ड तिने त्याच संध्याकाळी बदलले, आणि बुवांची गाणी बुवांच्या देवावर सोडली.

रविवार आला. सभागृह भरलं. निम्मे लोक गिरणीतलेच, कुणाचे केस गेलेले, कुणाचे दात, आणि काहींची लालबाग-परळची खोलीसुद्धा गेलेली. नालासोपाऱ्याहून, विरारहून आले होते. दौलतबुवांनी हट्टाने दुसरी बारी मागून घेतली होती, म्हणजे शेवटचा घाव आपला. पहिली कुशाबाची.

पडदा वर गेला आणि दौलतबुवांनी समोर बघितलं. कुशाबा पेटीवर, पांढरा झब्बा, कपाळावर बुक्का. पाठीमागे कोरस. कोरसात डावीकडून दुसरा, हातात झांज घेतलेला, जिन्याखालचा हेरंब.

बुवांना आधी वाटलं, सारखा चेहरा असेल. मग हेरंबने त्यांच्याकडे बघून अदबीने मान लववली.

कुशाबाने नमन केलं, अभंग म्हटला, आणि मग पेटीवर एक चाल वाजवली. ती चाल दौलतबुवांच्या घरात जन्मली होती. बुवांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. एक गजर झाला, तोही त्यांचाच. दुसरा झाला, तोही त्यांचाच. शब्द इकडचे तिकडे केलेले, पण माप तेच, ठेका तोच. शिवाने पखवाजावर हात ठेवून बुवांकडे वळून बघितलं. तालमीत त्यानेच तो ठेका धरला होता.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “हयसर ह्या काय चल्ला?”

 बुवांची नजर कुशाबाच्या हातांवर होती, खिशांवर होती, पेटीखाली होती. घरी तर सगळी गाणी होती! सकाळीच त्यांनी ऐकली होती. मग ही कुठून आली? ती तिथून गेलीच नाहीत, तर इथे आली कशी?

कुशाबाने झांजा थांबवल्या. मधाळ आवाजात म्हणाला, “समोरच्या बुवांसाठी दोन ओळी.” आणि सुरू केलं:

सूर हरवला, ताल हरवला, बुवा शोधती पेटीत,
देव बिचारा उभा राहिला, यांच्या झडतीच्या रांगेत!

एकच शब्द बदलला होता. सभागृह जे उसळलं ते विचारू नका! त्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याने ती रांग पाहिली होती, प्रत्येक जण हात वर करून तिथे उभा राहिला होता. कुणी टोप्या उडवल्या, कुणी खुर्चीवर हात आपटले. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, “देवाच्या डब्यात पण बघितलंन काय रे?” पुन्हा हशा. कुशाबाने ती ओळ पुन्हा घेतली, मग पुन्हा घेतली. सगळ्यात वाईट हे की ती ओळ दौलतबुवांच्या भज्यांपेक्षा फार चांगली बसली होती. ते त्यांनाही कळलं. चोरलं ते चोरलं, आणि चोराने सुधारूनही घेतलं!

दौलतबुवांची बारी आली. शिवाने विचारलं, “कुठलो गजर?” बुवांकडे गजरच नव्हता. जो काढतील तो दोनदा ऐकलेला वाटणार, लोक म्हणणार दौलत घाडी कुशाबाचं चोरतो. त्यांनी पेटीचा भाता दाबून धरला आणि रीत मोडून सरळ बोलले.

“कुशाबा, हा माझो माल आसा. तू चोरलंस.”

सभागृहात कुजबुज. ‘समोरचे बुवा’ नाही, ‘अहो’ नाही; रंगमंचावर असं कुणी बोलत नाही. कुशाबा मात्र रीत सोडायला तयार नव्हता. तो उठला, पुढे आला, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उभा राहिला.

“समोरचे बुवा,” तो म्हणाला, “घ्या झडती. सदरा काढू की लेंगा सोडू? तेव्हाही काही सापडलं नव्हतं. आताही सापडणार नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही. कुशाबाचे हात वरच होते. दौलतबुवांना ती संध्याकाळ आठवली की नाही, ते सांगता येत नाही. पण त्यांचा चेहरा उतरला, आणि हात आपोआप पेटीवर गेले. तालीम न केलेली एक ओळ त्यांनी आयुष्यात कधी गायली नव्हती. आता दुसरं काही हातात नव्हतं. फाटक्या, रागाने कापणाऱ्या आवाजात ते गायले:

तेव्हा खिसे रिकामे होते, तेव्हा होता सरळ,
आज खिशातुन निघतं गाणं, गाण्यात माझं गरळ!

शिवाने ठेका धरायला जरा उशीर केला. त्यामुळे ओळ लंगडीच पडली. टाळ्या आल्या त्या तुरळक. पण कुशाबाचे हात हळूहळू खाली आले. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तो परत जाऊन आपल्या पेटीमागे बसला आणि पुढची सगळी बारी खाली मान घालून बसून राहिला.

बाकीचं सांगण्यासारखं नाही. दौलतबुवांनी जुनेच गजर म्हटले, पुढच्या रांगेने त्यांच्याआधी पूर्ण केले. बारी पडली. बाहेर पायऱ्यांवर शिवाने पखवाजाची खोळ बांधली आणि म्हणाला, “बुवा, उद्यापासून माझी वाट बघू नकात.” कोरसातले त्याच्यामागून गेले. कुणी बुवांना नमस्कारही केला नाही. तोंड वाकडं करायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा सुट्टी काढून सासऱ्याबरोबर परळला गेली. सासऱ्यावरची माया म्हणून नव्हे, राग कुणावर तरी काढायचा होता म्हणून. तिने दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि गाणी वाजवणाऱ्या खिडकीतली तारीख-वेळेसकटची यादी हेरंबसमोर फिरवली. “हे बघा. लॅपटॉप तुमच्याकडे असताना ही सगळी गाणी वाजलीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. का?”

हेरंब जराही दचकला नाही. “स्पीकर चेक केला, ताई. गाणं लावल्याशिवाय स्पीकर कसा चेक होणार?”

“कीबोर्ड बदलायला दिला होता.”

“चहा सांडला की खालपर्यंत जातो. सर्व्हिस म्हणून केलं.”

“सगळी गाणी ऐकून?”

“आवाज छान आहे हो काकांचा,” हेरंब म्हणाला. “बंद करवेना.”

“आणि कॉपी किती केलीत?”

“माझ्याकडे काही नाही, ताई. हवं तर झडती घ्या!”

सुनेत्राने त्याला जे सुनावलं ते दादरच्या चांगल्या शाळेत शिकवत नाहीत. गल्लीतले लोक जमले. पण सिद्ध काय करणार? सगळी गाणी तर लॅपटॉपमध्ये जागच्या जागी होती. दौलतबुवा काउंटरला टेकून उभे होते. नेलपॉलिशच्या ठिपक्यावर त्यांचा अंगठा फिरत होता. एकही तुटलेला नव्हता.

“म्हणजे गेलं काहीच नाही,” ते म्हणाले, “तरी गेलं.”

“तेच सांगत होते ना!” सुनेत्रा त्यांच्यावर खेकसली. “आधी दुसरीकडे ठेवा, मग इथलं पुसा, मग द्या. आणि पासवर्ड देऊ नका. तुम्ही तर फोल्डरचं नावसुद्धा सांगून आलात!”

बुवांनी वाद घातला नाही. हे चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं, आणि सुनेत्राला त्याने अजिबात समाधान वाटलं नाही.

पुढचे काही आठवडे बुवांची पेटी कपाटावर होती. मग एका सकाळी नालासोपाऱ्याच्या एका मंडळाचा माणूस चाळीत आला. बारी ठरवायची होती.

“माझ्याकडे पखवाज नाही,” बुवा म्हणाले.

“शिवा मेस्त्री दोन्हीकडे वाजवीन म्हणतो. कुशाबांना पण कबूल आहे.”

“तो चोर आहे.”

“म्हणून तर!” तो माणूस उत्साहाने म्हणाला. “त्या दिवशी आमच्याकडची माणसं होती सभागृहात. म्हणाले भजनं ठीक, पण शेवटी जे झालं ते पुन्हा बघायला मिळालं पाहिजे. दोघं हवेत, बुवा. एकटे नकोत, ना तुम्ही, ना ते.”

बुवांनी त्याच्या पिशवीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्यांना हवं होतं ते हेच होतं, बारी. फक्त ती अशी नको होती, बैल झुंजीला नेतात तशी.

“त्याला सांग, झडतीची ओळ गायची नाही. ती माझी आहे.”

“ते मी आधीच बोललो त्यांच्याशी,” तो माणूस जरा चाचरला. “ती ते गाणार म्हणतात. आणि त्यांची पण एक अट आहे. ते म्हणाले, दौलत घाडीने ती त्या दिवशीची ओळ गायला हवी. ‘तेव्हा खिसे रिकामे होते, तेव्हा होता सरळ.’ जिथे जिथे बारी, तिथे तिथे. गिरणीतली माणसं आता नालासोपाऱ्यात आहेत, डोंबिवलीत आहेत, बदलापुरात आहेत. सगळ्यांनी ऐकली पाहिजे. नाहीतर कुशाबा बसणार नाहीत.”

आत सुनेत्राच्या हातातली पळी थांबली. गॅलरीतल्या दोन-तीन बायकांचं बोलणंही थांबलं.  बुवांच्या तोंडून ती ओळ रागात निसटली होती. समोरच्याला चोर म्हणायला निघाले आणि वाटेत त्याला गिरणीच्या गेटवरच्या त्या दिवसापुरतं सरळ म्हणून बसले. आता तो तेवढाच तुकडा मागत होता, आणि तो दिला नाही तर पेटी कपाटावरून कधी खाली येणार नव्हती.

“मेल्याचो दात बघा किती खोल आसा,” ते पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, “सांग त्याला, गाईन. पण अर्धी नाही. पुढची ओळ पण गाईन, आणि दोनदा गाईन.”

“ते चालेल, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय,” तो माणूस म्हणाला. “पुढची ओळ दहादा गा म्हणाले. पहिली एकदा गायली की बस.”